देवाच्या माशांचं सुतक

आबांनी मूठ पुढे केली आणि निम्मे चुरमुरे पाण्याऐवजी पायरीवरच सांडले. हात थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं, पुन्हा मूठ भरली, आणि या वेळी चुरमुरे कोंडाच्या हिरव्या पाण्यावर नीट पसरले.

"आले का गो?" त्यांनी विचारलं.

हेमांगीने पाण्याकडे पाहिलं. येणारच होते. खडकाच्या कपारीतून एकेक मासा वर आला. हातभर लांब, सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा. तोंड उघडून त्याने चुरमुरे आत ओढले आणि शेपटीचा फटकारा मारून वळला. बुडबुडेसुद्धा जिथल्या तिथे. त्यातला प्रत्येक मासा तिच्या ओळखीचा होता, कारण ते सगळे तिनेच बनवले होते.

"आले," ती म्हणाली.

"आले गो बायांनो, भरा," आबांनी वर हाळी दिली, आणि हंडे घेऊन पायऱ्यांवर थांबलेल्या बायका खाली उतरल्या.

आंबेकोंडात पाणी भरायची ही रीत कधीपासून आहे ते कुणालाच सांगता येत नाही. घाटातून उतरलेली सरळी नदी गावापाशी एका खोल डोहात थबकते. तो कोंड देवीचा, त्यातले महसीर देवीचे. त्यांना कुणी गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. त्यांना घास घालायचा मान शिगवणांच्या घराचा, म्हणजे सध्या आबांचा, हेमांगीचे वडील भागोजी शिगवण यांचा. सकाळी मानकऱ्याने चुरमुरे टाकायचे. मासे वर आले तर हंडे भरायचे. नाही आले, तर त्या दिवशी कोंडाचं पाणी प्यायचं नाही, वरच्या झऱ्यावर जायचं.

बाहेरचा माणूस हसला असता. हेमांगीही कॉलेजात असताना हसली होती. मग नदीतल्या जिवांचा अभ्यास करताना तिच्या लक्षात आलं की महसीर हा मोठा नाजूक मासा. पाण्यातला प्राणवायू जरा कमी झाला, पाणी जरा गढूळ झालं, की तो तोंड दाखवत नाही. गावाने पाण्याची परीक्षा घ्यायला ठेवलेला तो पहारेकरी होता. तिने त्यावरच प्रबंध लिहिला, आणि त्या प्रबंधाच्या जोरावरच घाटमाथ्यावरच्या वीज प्रकल्पात तिला नोकरी लागली.

आबा वाकले, ओंजळ भरून पाणी प्यायले. मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत गेला.

"घे की घोटभर. देवीचं पानी."

"पोट बरं नाही आबा," हेमांगी म्हणाली आणि पिशवीतली बाटली काढली. गावी आली की तिचं पोट नेहमीच बरं नसायचं.

घरी कुंदावहिनी ओट्यावर हंडा घासत बसली होती. हेमांगीचा भाऊ बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. आबांचं सगळं वहिनीच बघायची. हंड्याच्या आतून काळा थर धरला होता, आणि ती चिंच लावून लावून घासत होती.

"आताशा असा काळा होतो बघा. पितळच हलकं मिळतं आजकाल," ती म्हणाली. "ताई, आबांना एकदा पुण्याला दाखवू या का? इथला डॉक्टर म्हनतो, वय झालं. पन पाय पन घसटतात आता. परवा देवळाच्या उंबऱ्याला अडकून पडले."

"बघते मी," हेमांगी म्हणाली.

"आन् मी रस्त्यावरच्या त्या फिल्टरच्या नळाचं पानी आनत जाऊ का त्यांना? तुमच्या कंपनीनंच बसवलाय ना?"

"आण. आणच तू."

"आनलं व्हतं. पीत नायत. म्हनतात, कोंडात मासे हायेत तवर मी मेलेलं पानी कशाला पिऊ."

हेमांगीने हंड्यातल्या काळ्या थराकडे पाहिलं आणि मान फिरवली. तो थर पितळाचा नव्हता. तो काय होता हे त्या घरात फक्त तिला ठाऊक होतं, आणि ती आपल्या बाटलीचं झाकण लावत होती.

प्रकल्पाची कल्पना चांगलीच होती, अगदी आजही. देशातली कोळशाची वीजकेंद्रं एकामागून एक बंद होत होती. दुपारी सूर्याची वीज इतकी व्हायची की तिला गिऱ्हाईक नसायचं, आणि दिवेलागणीला शहरं अंधारात चाचपडायची. म्हणून घाटावर एक तळं आणि घाटाखाली, गावाच्या वरच्या अंगाला, नदीवर धरण बांधून दुसरं. दुपारच्या फुकटच्या विजेने खालचं पाणी वर चढवायचं, संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून जनित्रं फिरवायची. पाणी खर्च होत नाही, धूर होत नाही. गावोगावच्या सभांत कंपनीची माणसं हेच सांगायची आणि ते खोटं नव्हतं.

न सांगितलेलं एवढंच, की खालच्या तळ्यात जंगल बुडालं होतं. पंपांची तोंडं मधल्या उंचीवर होती, त्यामुळे वरचं पाणी रोज ढवळलं जाई. तळाचं मात्र हलतही नसे. तिथे पानं, मुळं, लाकूड कुजत राहिलं आणि कुजता कुजता पाण्यातला प्राणवायू खाऊन बसलं. प्राणवायू नसलेल्या पाण्यात जांभ्या दगडातलं मँगनीज विरघळतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. नदीला पाणी सोडायची झडप नेमकी तळाशी होती, कारण तिथे ती बांधायला सोपी होती. नदी वाहता वाहता प्राणवायू थोडाफार परत मिळवते, पण मँगनीज इतक्या लवकर सुटत नाही. ते कोसच्या कोस तसंच जातं, हंड्यात काळं बसतं, आणि रोज पिणाऱ्याच्या मेंदूत हळूहळू साठतं. आधी हात थरथरतात. मग पाय घसटतात.

यंत्राचे मासे हेमांगीने बनवले ते यासाठी नव्हे. सुरुवातीला पाणी मोजायला कंपनीने कोंडात लोखंडी पेट्या सोडल्या होत्या. गावाने त्या त्याच दिवशी काढून रस्त्यावर ठेवल्या. देवीच्या कोंडात लोखंड चालत नाही. तेव्हा हेमांगीला सुचलं, पाणी मोजणारं यंत्रच माशाच्या रूपात पाठवावं. विजेच्या झटक्याने आकसणारे रबरासारखे स्नायू, मऊ कातडी, वर खवले. खरे मासे बुजू नयेत म्हणून तसंच पोहणं, माणसं बुजू नयेत म्हणून तसंच चुरमुऱ्यांवर येणं. चुरमुरे पोटातल्या पिशवीत जमायचे. पायरीखाली तिने एक खोटी सपाट शिळा बसवली होती, तिथे टेकले की मासे आपोआप चार्ज व्हायचे. तिला या कामाचा अभिमान होता. खऱ्या माशांत तिचे मासे मिसळले तेव्हा आबांनासुद्धा ओळखू आले नाहीत, आणि ती गंमत तिने ऑफिसात सगळ्यांना हसत सांगितली होती.

पुढच्याच उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढायला तळाची झडप पूर्ण उघडली गेली. सगळं मेलेलं पाणी एकदम खाली आलं. उजाडायच्या आत कोंडातले सगळे महसीर पोट वर करून तरंगत होते. तिच्याच यंत्राच्या माशांनी खबर दिली. गाव जागं व्हायच्या आत कंपनीचा ट्रक आला, मेलेले मासे उचलले गेले आणि खडी क्रशरच्या मागे खड्ड्यात चुना टाकून पुरले गेले. हेमांगी तिथे उभी होती. तोवर घासाला आधीचे यंत्राचे मासेच वर येत होते; दुसऱ्या आठवड्यात तिने कोंडात आणखी मासे सोडले, रिकामी जागा भरेल इतके.

कोंडातला एक मासा जरी मेला तरी आंबेकोंड सुतक धरतं. माशाला फडक्यात गुंडाळून नदीकाठी माती देतात, त्या दिवशी कुणाच्या घरी चूल पेटत नाही. गावाबाहेर गेलेल्यांना निरोप जातो, आणि ज्याला ज्या दिवशी कळेल त्याने त्या दिवशी उपास धरायचा. हेमांगी लहान असताना एक म्हातारा मासा गेला होता. दुबईला असलेल्या चुलत्याला आठवड्याने कळलं, आणि तो तिकडे एकटा उपाशी राहिला होता. त्या ट्रकच्या दिवशी मात्र कंपनीच्या कँटीनमध्ये मिसळ होती. हेमांगीने ती खाल्ली. न खावी तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

"हे बघ, मी राक्षस नाहीये," मैथिली कर्णिक म्हणाल्या. त्या प्रकल्पाच्या प्रमुख. गावाहून परतल्या परतल्या हेमांगीने पाण्याच्या तपासणीचा अहवाल त्यांच्यासमोर ठेवला होता. मँगनीज मर्यादेच्या कितीतरी पट. "उपाय तुलाही माहीत आहे आणि मलाही. वरच्या थरातलं पाणी सोडणारा दरवाजा. तो दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात आहे. दुसऱ्या टप्प्याला परवानगी मिळाली की पहिलं काम तेच."

"आणि तोवर मासे काढून घेऊ या, मॅडम. मासे दिसले नाहीत तर ते कोंडाचं पाणी पिणारच नाहीत. फिल्टरच्या नळावर जातील."

"आणि विचारतील, मासे गेले कुठे. गावातली जनसुनावणी परवा आहे हेमांगी. परवानगी अडकली तर दरवाजाही अडकला. मग तुझ्या गावाचा काय फायदा?"

हा युक्तिवाद हेमांगीने स्वतःशी इतक्यांदा केला होता की तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला नवीन काही वाटलं नाही.

"परवा तुझे वडील बोलणार आहेत म्हणे," मैथिलीबाई म्हणाल्या. "गावाचे मानकरी म्हणून. छान होईल."

"माझे वडील आजारी आहेत, मॅडम."

"हो? काय होतंय?"

"हात थरथरतात."

मैथिलीबाईंची नजर अहवालावर गेली आणि तिथून हलली नाही. मग त्या म्हणाल्या, "त्यांना पुण्याला घेऊन जा. सगळं कंपनी बघेल." त्या हे मनापासून बोलल्या. हेमांगीला त्याचीच जास्त लाज वाटली, कारण क्षणभर तिला बरं वाटलं होतं.

सुनावणी देवळाच्या पटांगणात होती, कोंडाच्या वरच. मांडव, खुर्च्या, जिल्ह्याहून आलेले अधिकारी. मांडवाच्या कडेला कंपनीने जेवणाची पाकिटं रचून ठेवली होती. पडद्यावर कोंडातल्या माशांचं चित्रण दाखवलं गेलं, आणि निवेदनातला गोड आवाज म्हणाला, प्रकल्पानंतरही सरळी नदी तितकीच जिवंत आहे.

मग आबा उठले. खास दिवस म्हणून पांढरी टोपी, धुतलेला सदरा. ध्वनिक्षेपक हातात धरला तसा तो दाढीवर आपटायला लागला, टक् टक् टक्, आणि सगळ्या मांडवात तो आवाज घुमला. कुणीतरी पुढे होऊन तो त्यांच्यासमोर धरला.

"मी काय शिकलेला मानूस नाय," आबा म्हणाले. "मला येवढंच ठावं, का ज्या नदीत देवीचे मासे हायेत ती नदी बरी हाय. धरन झालं तवा लोक म्हनाले, भागोजी, आता पानी गेलं. मी म्हनलं, बघू. रोज घास टाकतो. रोज मासे येतात. आज पन आले. आन् दुसरं म्हंजे," ते थांबले, त्यांनी गर्दीत नजर फिरवली आणि हेमांगी दिसली तसे हसले, "आमची हेमा हाय तितं. काय वाकडं असतं तर तिनं बापाला सांगितलं नसतं का?"

टाळ्या पडल्या. कुंदावहिनीही टाळ्या वाजवत होती. तिची बोटं चिंचेने आणि काळ्या डागांनी रापलेली होती.

आपण उठणार आहोत असं हेमांगीने ठरवलं नव्हतं, पण बसणं अशक्य झालं. ती खुर्च्यांमधून वाट काढत कोंडाच्या पायऱ्या उतरू लागली. मागून मैथिलीबाईंनी तिला हळूच नावाने हाक मारली. तिने फोन काढून एक बटण दाबलं.

कोंडातले सगळे मासे एकाच वेळी वळले. खडकाखालून, कपारीतून, मधल्या खोल पाण्यातून ते सरळ रेषेत आले आणि पायरीखालच्या शिळेला तोंडं लावून ओळीने उभे राहिले. एकही शेपटी हलेना.

वर माणसं कठड्याशी जमली. "देवीनं कौल दिला," एक म्हातारी म्हणाली, आणि पाठोपाठ कितीतरी जणांनी हात जोडले. आबांनीही जोडले. जोडलेले ते हात थरथरत होते.

हेमांगीने पाण्यात हात घालून एक मासा उचलला.

आंबेकोंडात हे कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"हेमा," आबांचा आवाज आला, "ठेव त्यास्नी. हेमा, ठेव खाली."

"हा मासा नाही, आबा."

"ठेव म्हनतो ना."

ती मासा घेऊन वर आली. माणसं तिला वाट देताना दूर सरकली, एका तरुणाने मात्र तिचा दंड धरला. तिने तो सोडवला. देवळाच्या ओट्यावर नारळ फोडायचा कोयता होता. तिने मासा ओट्यावर ठेवला आणि कोयता चालवला. एक बाई डोळ्यांवर पदर घेऊन रडायला लागली.

रक्त आलं नाही. करडे रबरी पट्टे उलगडले, त्यांच्यातून बारीक तारा निघाल्या, आणि पोटातली पिशवी फुटून ओट्यावर पांढरा लगदा पसरला. आबांनी सकाळी घातलेले चुरमुरे.

तिने सगळं सांगितलं. तळाचं पाणी, हंड्यातला काळा थर, हातांची थरथर, नळाचं पाणी का प्यायचं. बोलताना तिने मान वर केली नाही. अधिकारी काहीतरी लिहून घेत होते, मैथिलीबाई खुर्चीत बसून राहिल्या होत्या, आणि गाव ऐकत होतं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर तिला सोपं गेलं असतं.

आबांनी ओट्यावरच्या लगद्याला बोट लावून बघितलं.

"आन् आपले?" त्यांनी विचारलं. "आपले कुठं गेले?"

"गेल्या उन्हाळ्यात गेले. सगळे. क्रशरच्या मागे पुरले."

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. मी तिथेच होते."

आबांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांचं बघून एकेक करत सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी पदर पुढे ओढले. मग सगळं गाव क्रशरच्या वाटेला लागलं. पुढे आबा होते, पाय घसटत. कुंदावहिनीने देवळातून एक कोरं फडकं घेतलं होतं. हेमांगी मागून चालली. तिच्या बरोबर कुणी नव्हतं आणि तिला कुणी हाकललंही नाही. खड्डा उकरल्यावर चुन्यात काटे आणि काही खवले मिळाले. तेवढेच फडक्यात बांधून नदीकाठी माती दिली.

त्या संध्याकाळी आंबेकोंडात एकाही घरातून धूर निघाला नाही. सुनावणी पुढे ढकलली होती, कंपनीच्या गाड्या निघून गेल्या होत्या. फिल्टरच्या नळावर बायकांची रांग लागली होती. घाटावर मात्र नेहमीच्या वेळी जनित्रं फिरली असणार, कारण दूर शहराच्या बाजूला आभाळ उजळलेलं दिसत होतं.

कुंदावहिनीने फिल्टरचा हंडा आणून ठेवला. आबांनी काही न बोलता त्यातलं पेलाभर पाणी घेतलं, दोन्ही हातांनी पेला धरून प्यायले आणि भिंतीला टेकून बसले. हेमांगी दाराशीच घुटमळत होती.

"ये, बस," आबा म्हणाले.

ती त्यांच्यासमोर बसली. आबा उठले, कोपऱ्यात गेले आणि पटांगणातून कुणीतरी आणून ठेवलेलं कंपनीचं जेवणाचं पाकीट घेऊन आले. ते त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. शेजारी तिची पाण्याची बाटली ठेवली.

"नको आबा. मी पण पाळते सुतक."

"तुला कसलं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. समजावून सांगावं तसे ते बोलत होते. "ज्याला ज्या दिवशी कळतं त्याला त्या दिवशी लागतं. आमाला आज कळलं. तुला तवाच कळलं व्हतं. तवा जेवलीस ना?"

हेमांगीने खाली बघत मान हलवली.

"मग जेव," आबा म्हणाले. त्यांनी पाकिटाची दोरी सोडायचा प्रयत्न केला, बोटं जमेनात, म्हणून पाकीट तसंच तिच्याकडे सरकवलं. "भूक लागली आसंल. सकाळपासनं काय खाल्लं नायस."

वहिनी चुलीकडे पाठ करून बसली होती. चूल गार होती. हेमांगीने दोरी सोडली. आबा समोर बसून बघत होते, लहानपणी ती जेवायला बसली की बघायचे तसेच. तिने पहिला घास घेतला.